कुसुम, तुझ्या तेराव्याला मी थाळी वाजवली

कुसुम, अगं ऐक! तुझ्या तेराव्याला मी थाळी वाजवली. भर पंगतीत, गुरुजींच्या समोर, भादरलेल्या डोक्यानं, हातात भाताचा डाव घेऊन! तुझे भाऊ नाना इंदूरला परत गेले ते तोंड फुगवूनच. गेले तर गेले. तू असतीस तर पदर तोंडात कोंबून हसली असतीस आणि वर म्हणाली असतीस, "इतकी हळू? गल्लीच्या टोकाला तरी ऐकू गेली का?"

गेली ऐकू. सगळं सांगतो. पण मला ओळीनं सांगू दे, मध्ये बोलू नकोस.

मराठी मंडळवाले आले होते. काकींबद्दल लिहून द्या, अंकात छापू म्हणाले. जन्म कुठला, माहेर कुठलं, व्रतं कोणती केली, असलं मागत होते. मी म्हटलं, ते तर तिला माहीतच आहे. तिला जे माहीत नाही ते लिहीन. वंदना म्हणाली, "बाबा, लिहून झालं की द्या, मी नीट करते." आपली पोरगी असली तरी हात लावू दिला नाही. चौथी पास माणसाचं लिहिणं आहे. माझ्या चुका वाचायची तुला सवय आहे, बाकीच्यांनी लावून घ्यावी.

आता वाचणाऱ्यांना थोडं मागचं सांगावं लागेल. तू तोवर चहा टाक.

आपली गल्ली इकडे माळव्यात, नानाखेड्याच्या बसस्टँडमागची. मिल बंद पडली तेव्हा मी घरी बसलो आणि तू मशीनवर बसलीस. शिवायचं काय, तर देवांचे कपडे. लाडू गोपाळाचा, म्हणजे बाळकृष्णाचा, घेर म्हणतात तो गोल झगा, त्याची इवलीशी पगडी, मातेची चुनरी, त्यावर गोटा, म्हणजे जरीची पट्टी, आणि टिकल्या. मी विचारलं होतं, "माणसांचे का शिवत नाहीस?" तर म्हणालीस, "माणूस कापड अंगाला लावून भांडतो. देवानं आजवर माप चुकलं म्हणून ब्लाउज परत केलेला नाही." देवास गेटजवळच्या शेठकडे माल जायचा. तो म्हणायचा, काकी, आपका हाथ अलग है. मग एकीचं बघून दुसरी आली, तिसरी आली. जुनी पायाची मशीनं घेत गेलात आणि आपली समोरची खोली भरली. माझी खाट अंगणात गेली. अजून तिथंच आहे.

मग कुठल्याशा योजनेत मशीनला बसवायच्या विजेच्या मोटरी मिळाल्या. तो दिवस आठवतो? मला दाढी करताना अर्ध्यावर ओढत आणलंस. अर्धं तोंड साबणाचं. "अहो, बघा तरी! नुसतं टेकवायचं, की पळतं!" आणि खरंच, घोडं सुटावं तसं कापड सुटलं. आपले वाडवडील सरकारच्या पागेत घोडे सांभाळायला या गावात आले, पण घोडा सुटल्याचा आनंद मी पहिल्यांदा तुझ्या तोंडावर पाहिला.

त्याच आठवड्यात संगीता आली. पलीकडच्या ओळीतली, कुबड्यांवर चालते, दोन्ही पाय लहानपणीच्या तापात गेलेले. दारात उभी राहून म्हणाली, "काकी, सुना है अब पैर नहीं लगता?" तू पायाखालचं बटण उचललंस, फळीवर ठोकलंस आणि म्हणालीस, "कोहनी लगती है. है तेरे पास?" ती हसायला लागली. तिला दोन्ही हात मोकळे, कोपर बटणावर. महिन्याभरात तिचा गोटा तुझ्यापेक्षा सरळ यायला लागला. मी तसं बोललो तर दोन दिवस मला भाजीत मीठ नव्हतं.

इथवर सगळं गोड. आता लाइट.

लाइटीचं काय सांगू. आपल्या गल्लीत ती पाहुण्यासारखी येते. सकाळी स्वयंपाक उरकून बायका मशीनला बसल्या की ही गेली. दुपारी आली, सगळ्या जमेपर्यंत डोळे मिचकावले, परत गेली. आणि रस्त्याच्या पलीकडे? तिकडे यात्रेकरूंची हॉटेलं झाली, तिकडची लाइन वेगळी. आपण अंगणात हातपंखा घेऊन बसलेलो आणि समोर भर दुपारी रंगीत झिरमिळ्या लुकलुकतायत! क्वचित तिकडची गेलीच तर जनरेटर चालू होतो. ज्याच्याकडे जनरेटर आहे त्याची लाइट जातच नाही, नुसता आवाज बदलतो.

थाळी तिथून सुरू झाली. लाइट कधी येईल नेम नाही, बायका आपापल्या घरी कामात, मोबाइल चार्ज नसल्यानं मेलेले. मग लाइट आली की तू ओट्यावर उभी राहायचीस आणि पितळी थाळीवर लाटणं हाणायचीस. ठणाठणा! की पोळी तव्यावर सोडून बायका धावायच्या. इकडे माळव्यात थाळी वाजते ती मुलगा झाला की. गल्लीत नवीन भाडेकरू आले, त्यांची म्हातारी चार दिवस ऐकत होती. पाचव्या दिवशी येऊन हात जोडून विचारते, "बई, थारे घर में रोज छोरो होय कई?"

आपल्याला तुझ्या सासूबाई, माझी आई, आठवली त्या वेळी. वंदना झाली तेव्हा थाळी कोनाड्यातच राहिली होती. भाडेकरूंची म्हातारी परत गेल्यावर तू ती थाळी पुसत मला म्हणालीस, "तेव्हाची उरलेली आहे, ती वाजवतेय." एवढंच म्हणालीस. मी तुला फडकं पिळून दिलं. बोलायला हवं होतं का? काय बोलणार होतो मी.

आता भांडणाचं. ते लिहिल्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही आणि तुला तर ते पाठच आहे.

मशीनं जुनी. मोटर वर बसवली तरी खाली पायडल होतंच, चामड्याचा पट्टा चढवला की पायानं चालतं. म्हणून लाइट गेली की पोरी पट्टा चढवायच्या आणि खडखड खडखड काम चालू. मला ते पटायचं. लाइट नाही तर पाय मारा, देवानं दिलेत कशाला! पण संगीता काय मारणार? हात मांडीवर घेऊन बसायची. कुणी तिला टिकल्या निवडायला द्यायचं, कुणी दोरे कापायला. माल मोजून पैसे, टिकल्या निवडायचे कोण देतं? मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पैर में दर्द है.

तू निरोप ऐकलास आणि चपला घातल्यास. "पाय तर लहानपणापासून तसेच आहेत," म्हणालीस, "दर्द आताच कुठून आला?" तिला घेऊन आलीस आणि त्याच पावली सगळ्या मशीनांचे पट्टे काढलेस. ट्रंकेत टाकलेस, कुलूप लावलंस, किल्ली कमरेला.

"मोटर सगळ्यांची, नाहीतर कुणाचीच नाही."

शिवणाऱ्या बायकांतली शकुंतला तडकली. तिचा नवरा बिछान्यावर, दोन पोरं शाळेत, ती का नाही तडकणार. "काकी, एक के लिए सबका चूल्हा ठंडा करोगी?" मी तिच्या बाजूनं बोललो, अजून तिच्याच बाजूनं आहे. मी म्हटलं, "कुसुम, एकीसाठी सगळ्यांना उपाशी ठेवतेस." तू काय म्हणालीस? "एकीला उठवून बाकीच्यांना वाढायला मी काय हॉटेल काढलंय?"

आणि मग ते म्हणालीस, जे मी नंतर मिलमधल्या जुन्या दोस्तांनाही जसंच्या तसं सांगितलं. म्हणालीस, "लाइट असते तेव्हा सगळे सारखे. लाइट गेली की दुनिया परत पायांवर येते. ज्याचे पाय धड तो पुढे, बाकीचे बसून राहतात. ती वायर आहे ना वरची, ती काय नुसता पंखा फिरवते? ती संगीताला उभं करते. आणि तुम्ही म्हणता पाय मारा. पाय मारले की लाइटवाल्याला कोण विचारणार? तो म्हणेल, यांचं तर चाललंय!"

बरोबर होतं. पण तेही पोट भरत नव्हतं. गेल्या वर्षी जन्माष्टमीचा माल वेळेत गेला नाही. जन्माष्टमी गेली की गोपाळाचा घेर कोण घेतो, वर्षभर पेटीत पडतो. शेठ काही वाईट माणूस नाही, पण अर्धी ऑर्डर त्यानं इंडस्ट्रीच्या शेडवाल्यांकडे वळवली. तिथं जनरेटर. शेठ म्हणाला, "काकी, माल आपका ही अच्छा है. पर भगवान का जन्म आपकी लाइट देखकर तो नहीं होगा." सरकार म्हणतं बायकांनो धंदा करा. मोटर देतं एका हातानं, लाइट नेतं दुसऱ्या हातानं, आणि मग म्हणतं, या बायका मागे का?

तू लाइटीच्या ऑफिसात किती खेटे घातलेस! मी एकदाच आलो होतो बरोबर आणि पुरे झालं. बाबू म्हणाला, अम्मा, फॉल्ट है. तू म्हणालीस, "ये फॉल्ट सड़क पार क्यों नहीं करता? उसको ट्रैफिक से डर लगता है?" तो म्हणाला, उधर होटल हैं अम्मा, बाहर के लोग ठहरते हैं. तू म्हणालीस, "हमारे यहाँ भगवान ठहरे हैं, बिना कपड़ों के!" सगळं ऑफिस हसलं. चहासुद्धा पाजला. लाइन तीच राहिली.

या वर्षी शेठनं परत पूर्ण ऑर्डर दिली. शेवटची बारी म्हणाला, या वेळी चुकलं तर मला माफ करा. शकुंतला पट्टे मागत होती, तू देत नव्हतीस. त्या संध्याकाळी आपण कडाडून भांडलो. मी म्हणालो, "ऑर्डर गेली तर संगीताही उपाशी आणि शकुंतलाही. मग बस सारखेपणा चाटत." तू कूस बदललीस, छातीत दुखतंय म्हणालीस, मला वाटलं रागानं. "उद्या बोलू," म्हणालीस.

उद्या बोलू म्हणालीस आणि गेलीस. हा कुठला न्याय, कुसुम? भांडण अर्धं टाकून? चार पोरांत खेळ सुरू असताना बॅट घेऊन घरी जावं तसं. रामघाटावर दहाव्याला कावळा शिवेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. नाना म्हणाले, वंदनाला सांभाळू म्हणा. वंदना म्हणाली, बाबांना सांभाळते म्हणा. कावळा बसलाय आपला वर, बघत. मला ठाऊक होतं तुला काय ऐकायचंय. पट्टे ट्रंकेतच राहतील, हे. पण खोटं कसं बोलू घाटावर? मी हळूच म्हणालो, "संगीताचं बघतो." आला की नाही झडप घालून? नाना म्हणाले, बघा, लेकीत जीव अडकला होता. मी कशाला खोडू.

आता तेरावं. इथं नीट ऐक.

तू गेलीस तशी खोली बंदच होती. सुतकाच्या घरात मशीन कसं चालवायचं म्हणून पोरी आल्या नाहीत. लाइट येत होती, जात होती, थाळी गप्प. माल अर्धाच झालेला. आणि तेराव्याच्या दिवशीच संध्याकाळी शेठचा टेम्पो यायचा होता. प्रत्येकीच्या डोळ्यांत तो टेम्पो उभा होता.

सकाळपासून लाइट नाही. वड्यांची डाळ पाट्यावर वाटली शकुंतलेनं, लाइटीला शिव्या देत, तेही हळू आवाजात, कारण तू वर ऐकत असशील. पंगत बसली. पुरुष अंगणात, बायका खोलीत, मशीनं भिंतीला सरकवून. मी भात वाढत होतो. गुरुजी म्हणाले यजमानांनी बसावं, मी म्हटलं, बसलो की रडू येतं, वाढू द्या.

आणि पंखा फिरला.

अगं, सगळ्या बायकांनी एकदम वर पाहिलं! घास हातात. पंखा फिरतोय, त्या पंख्याकडे बघतायत, मग मशीनांकडे, मग पानाकडे. हलत कुणी नाही. संगीता दाराशी बसली होती. तिनं पंख्याकडे पाहिलंच नाही, खाली मान घालून भात कालवत होती. तेराव्याच्या पानावरून उठायचं कसं? आणि लाइट काय, आता आहे, आता नाही. तिला काय तुझं तेरावं?

माझ्या हातात डाव होता. समोर परात होती, भात संपत आलेला. थाळी शोधायला कोण जातो. मी परात उलटी केली आणि हाणला डाव! ठण! ठण! ठण! ठण!

गुरुजींच्या हातातली वाटी सुटली. नाना उभेच राहिले, "भाऊजी! अहो भाऊजी, काय करताय, तेराव्याला थाळी? मुलगा झालाय का घरात?"

मी म्हटलं, "लाइट झालीय!"

बस्स. शकुंतला पहिली उठली, हात धुतले न धुतले. मग सगळ्या. कुणी पानाला नमस्कार केला, कुणी तुझ्या फोटोला, कुणी घाईत गुरुजींनाच. पानं सरकली, मशीनं पुढे आली, पाच मिनिटांत ती खोली गर्जायला लागली, कुसुम! तू गेल्यापासून घरात पहिल्यांदा आवाज झाला. मी नुसता उभा. डोळ्यांतून पाणी आणि तोंडभर हसू, दोन्ही एकदम, मलाच कळेना कुठलं पुसू. गुरुजी समजूतदार माणूस. म्हणाले, "देवाचेच कपडे आहेत ना? मग चालू द्या. मला जरा ताक वाढा."

आणि अर्ध्या तासात ती गेली. सटवी.

सगळी मशीनं एकदम थांबली की कशी शांतता होते, तुला माहीत आहे. त्या शांततेत शकुंतला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काका, चाबी आपके पास है. पट्टे दे दो." दुसरी म्हणाली, "काका, टेम्पो आएगा." वंदनाही म्हणाली, "बाबा, द्या की. आई असती तर..." आणि थांबली. आई असती तर दिले नसते, हे तिलाही माहीत.

किल्ली माझ्या जानव्याला होती. मी इतकी वर्षं हेच म्हणत होतो ना, पाय मारा? आता तू नाहीस, अडवणारं कुणी नाही. मी जिंकलो होतो! ट्रंक उघडली. वरती तुझी पैठणी, डांबरगोळ्यांचा वास, आणि खाली पट्टे, तेल लावून गुंडाळलेले. तेल लावून, कुसुम! द्यायचे नव्हते तर तेल कशाला लावत होतीस? हे भांडण तूही अर्धं हरली होतीस आणि मला सांगितलं नाहीस.

पट्टे घेऊन बाहेर आलो. शकुंतलेनं हात पुढे केला. आणि मागे खट आवाज झाला. संगीता कुबड्या काखेत घेत होती.

"कहाँ चली?"

"घर, काका. पैर में थोड़ा दर्द है."

मी तिच्याकडे पाहिलं. घाटावरचा तो कावळा आठवला. म्हटलं, "बैस."

"काका, मैं यहाँ क्या करूँगी?"

"सिलेगी. और क्या करेगी. बैस म्हटलं ना."

हँडल लावून हातानं चालवता येतं, पण मग एक हात चाकात अडकतो, गोटा कोण धरणार? म्हणून मी पहिला पट्टा तिच्याच मशीनला चढवला, बाकीचे शकुंतलेच्या हातात दिले. मग मागच्या बाजूनं पाट टाकला, धोतर खोचलं, खाली बसलो आणि दोन्ही पाय तिच्या पायडलवर ठेवले. ती तिकडून, मी इकडून, मध्ये मशीन.

"काका!" ती ओरडली. "आप तेरहवीं में..."

"तू कपड़ा देख. पैर मेरे पास हैं."

मारला पाय. आणि कडकड आवाज करून धागा तुटला. मी मागून बसलेलो, त्यामुळे माझं पुढे ते तिचं मागे! चाक उलटं फिरलं. परत ओवला, परत मारला, परत तुटला. शकुंतला तोंडाला पदर लावून फिसफिसायला लागली, "काका, काकी सच कहती थीं, आप उल्टे पैर के हो!" सगळी खोली हसली. तुझ्या तेराव्याला, तुझ्या फोटोसमोर, खदाखदा. मग संगीतानं चाकाला वरून हात दिला, "काका, पहले मैं घुमाऊँगी, फिर आप पीछे-पीछे आना." ती चाक फिरवणार, मी त्याच्यामागे जाणार. तुझ्याबरोबर संसार केला तसाच. आणि लागला नेम!

खडखड खडखड! मिलमध्ये उभं राहून काढलेली वर्षं पायात होती, कुठे गेली नव्हती. घेर सरकतोय, गोटा बसतोय, संगीता म्हणते "धीरे काका, मोड़ आया," मी धीरे. "अब भगाओ!" मी भगाओ. नाना दारात येऊन उभे. "भाऊजी, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "नाना, लोक काय म्हणतात ते या आवाजात ऐकू येत नाही. उभे आहात तर ती पगडी इकडे द्या." दिली हो! तोंड फुगवून, पण दिली.

मी किती वेळ पाय मारले कोण जाणे. मांड्या भरून आल्या. घाम डोळ्यांत. मान खाली, समोर नुसतं पायडल. मग लक्षात आलं की बाकीची खडखड थांबलीय आणि गुरगुर चालू झालीय. मोटरी! पंखा फिरत होता. लाइट कधीची आलेली आणि मी आपला मारतोय. वर पाहिलं तर संगीता हसत होती.

"सांगितलं का नाहीस गं?"

"आप इतने खुश थे काका, कैसे बोलती?"

टेम्पो आला तेव्हा शेवटची पगडी संगीताच्याच हातात होती. माल गेला. पूर्ण गेला. शेठ स्वतः आला होता तुझ्या फोटोला हार घालायला. आणि ऐक, म्हणाला, दिवाळीची ऑर्डरही इथेच.

आता तू म्हणशील, बघा, झालं ना, मग भांडण मिटलं. कुठं मिटलं! अगं, माझे पाय किती दिवस पुरणार? आणि प्रत्येक गल्लीत एकेक म्हातारा बसवायचा का मशीनमागे? असे पाय मारून एक दिवस निघतो, धंदा उभा राहत नाही. हे आता मी बोलतोय, तुझं वाक्य. लाइट हवीच. परवा आम्ही सगळे ऑफिसात गेलो. संगीतानं थाळी बरोबर घेतली होती. बाबू म्हणाला, "चाचा, ये थाली किसलिए?" संगीता म्हणाली, "आपके यहाँ लाइट आएगी तो बजाने. हमारे यहाँ तो मौका ही नहीं मिलता." बाबू नवा आहे, हसला नाही, लाजला. साहेबाला बोलावून आणलं. साहेब म्हणाले, पलीकडच्या लाइनीवर घेता येतं का ते बघतो. तुला किती जणांनी 'बघतो' म्हटलंय ते मला माहीत आहे, म्हणून मी नाचलो नाही. पण पुढच्या आठवड्यात परत जाणार. त्याच्या पुढच्याही. थाळीसकट.

आणि थाळीचं राहिलंच. तुझी थाळी मी संगीताला दिली. पट्टे आता मशीनलाच असतात आणि थाळी तिच्याकडे. मी विचार केला, थाळी वाजली की सगळ्या धावायच्या, आणि ती बिचारी कुबड्या टेकत सगळ्यांच्या शेवटी पोचायची. आता ती सकाळपासून खोलीतच दाराशी बसते, बल्ब पेटला की हाणते. तुझ्यापेक्षा जोरात वाजवते. सगळ्यांच्या आधी तिची मोटर सुरू असते.

तुझ्याशी बोलायचं एक राहिलं होतं, ते लिहावं म्हणून बसलो आणि हे सगळंच लिहिलं. ते वंदनाच्या वेळचं. थाळी मीच वाजवायला हवी होती, आईनं नाही वाजवली तर मी. तेव्हा सुचलं नाही. तेराव्याला परातीवर हाणली ना, तेव्हा वंदना दारात उभी होती. तिच्याकडे बघूनही दोन जास्त हाणल्या. तिला कळलं नाही. तुला कळू दे.

हे बघ, पंखा थांबला. गेली. आत शकुंतला ओरडतेय, संगीता हाक मारतेय, "काका, पैर!" पाट टाकून ठेवलाय त्यांनी. ऑर्डर दिवाळीची आहे, आणि घेराला या वेळी दुहेरी गोटा आहे.

जातो. थाळी वाजली की उठेन. तोवर तू जिंकलीस असं समजू नकोस.